संत्र्यामागून चालणारे काकाजी

व्हॉल्व उघडा ठेवून मी चाबी पांढऱ्या खिळ्याला टांगली आणि आलूबोंडे खायला गेलो.

नोकरीत मी केलेला मूर्खपणा मोजायला बसलो तर एक रविवार पुरणार नाही. पण हा पहिल्या नंबरचा. तो समजायला आधी ते खिळे समजले पाहिजेत, आणि खिळे समजायला काकाजी.

बोरगावजवळ सूत रंगवायचा आमचा कारखाना. मागच्या अंगणात कॉस्टिक सोड्याची टाकी आणि पंप उघड्यावर. त्यांच्याभोवती गुडघाभर उंचीची भिंत, म्हणजे काही सांडलं तर भिंतीच्या आतच राहावं. पण आभाळाला भिंत दिसत नाही. पावसाळ्यात त्या चौकोनात पाणी साचायचं. ते तपासायचं, साफ असलं तर व्हॉल्व उघडून नाल्यात सोडायचं, संपेपर्यंत तिथंच उभं राहायचं, व्हॉल्व बंद करायचा, कुलूप लावायचं. मग चाबी भिंतीवर. भिंतीवर दोन खिळे, एक लाल रंगाचा, एक पांढरा. चाबी लाल खिळ्यावर असली तर व्हॉल्व उघडा, पांढऱ्यावर असली तर बंद. जाणारा-येणारा कोणीही एक नजर टाकून सांगू शकेल. शाळेत न गेलेला माणूसही सांगू शकेल. मी डिप्लोमा होल्डर होतो.

हे खिळे काकाजींनी स्वतःच्या हातानं ठोकले होते. ते पांढुर्ण्याचे. दूर दक्षिणेत अणुइंधनाच्या कारखान्यात सगळी नोकरी करून रिटायर झाले आणि गावी परतले. पांढुर्ण्यात त्यांचं खरं नाव पोस्टमनशिवाय कोणाला आठवत नसे, सगळे त्यांना ‘अणुवाले काकाजी’ म्हणत. सुरुवातीला लोक जरा अंतर राखूनच होते. त्यांच्या घरी लाईट गेली तरी उजेड असतो, असं एका मास्तरांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला होता, हेही इथं सांगून टाकतो.

खरं म्हणजे काकाजींचं तिथलं काम ना बॉम्बचं होतं ना विजेचं. त्यांचं काम पावसाच्या पाण्याचं. कारखान्याच्या आवारात जो पाऊस पडेल तो मोठमोठ्या तळ्यांमध्ये अडवायचा, तपासायचा, मगच सोडायचा. आणि तपासायच्या आधी कधी चुकून निसटला तर ताबडतोब कळवायचं. कधी निसटला, किती निसटला, कोणाच्या हातानं निसटला. झालं. यात एका माणसाचं आयुष्य कसं जाऊ शकतं, हे मला कळत नसे. काकाजींना, ते दुसऱ्या कशात कसं जाऊ शकतं, हे कळत नसे.

आमच्या कारखान्यानं त्यांना आठवड्यातून तीन दिवस सल्ला द्यायला ठेवलं होतं. ते पांढुर्ण्याहून बसनं यायचे, मी सौंसरला त्याच बसमध्ये चढायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, पीएच म्हणजे काय ते माहीत आहे का. मी छाती काढून सांगितलं की माहीत आहे, सात म्हणजे सात टक्के. त्यांनी खिशातून कागदाच्या पट्ट्यांची डबी काढली, माझ्या पाण्याच्या बाटलीत एक पट्टी बुडवली, ती हिरवी झाली. “हे तुयं सात,” ते म्हणाले, “टक्के घरी ठेवून ये.”

ती डबी त्यांच्या खिशात कायम असायची. आंबट असेल तर पट्टी नारिंगी-लाल, खारं असेल तर निळी, मधलं असेल तर हिरवी. लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठ्यात पट्टी बुडवलेली मी पाहिली आहे. वाढप्याचा हात थांबला, शेजारचे दोघं जेवायचे थांबले. काकाजींनी पट्टी उजेडात धरली आणि खुणेनं सांगितलं, वाढा. पुतणीसाठी मुलगा पाहायला गेले तेव्हा त्यांच्यापुढं पाण्याचा पेला आला, त्यातही पट्टी. मुलाकडचे ताटकळलेले. घरच्यांनी परतताना विचारलं, कसं वाटलं स्थळ. काकाजी म्हणाले, “पाणी चांगलं आहे. पोराचं मले काही समजलं नाही.” लग्न झालं, आणि पुतणी सुखात आहे. पाण्यामुळं की काय, देव जाणे.

दुसरी सवय कळवायची. काकाजी स्वतःच्या चुका कळवायचे, आणि त्याही गरम गरम. शेजाऱ्याच्या कुंडीला सायकलचा धक्का लागला तर बेल वाजवून सांगणार: कुंडीला धक्का लागला आहे, फुटलेली नाही, पण चीर असेल तर आठ दिवसांत दिसेल, लक्ष ठेवा. एकदा नागपूरहून येताना गाडीत डोळा लागला आणि पांढुर्णा मागं राहिलं. तिगावला उतरले. सरळ स्टेशन मास्तरच्या खोलीत गेले आणि सांगितलं, मी एक स्टेशन फुकट आलो आहे. मास्तर म्हणाले, काकाजी, असू द्या, चहा घ्या. काकाजी म्हणाले, चहा नंतर, आधी लिहून घ्या. मास्तरांनी शेवटी कुठल्याशा वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, तेव्हा कुठं ते चहाला बसले.

पण गावानं त्यांना खऱ्या अर्थानं वेडं ठरवलं ते संत्र्यांमुळं.

आमच्या भागात पावसाळ्यात संत्र्याची गळ होते. लिंबाएवढ्या हिरव्या फळांचा झाडाखाली सडा पडलेला असतो, कोणी विचारत नाही. काकाजी ती पिशवीत भरून आणायचे. एका-एका फळाला लाल दोरा बांधायचे, आमच्या व्हॉल्वच्या तोंडाशी नाल्यात सोडायचे आणि छत्री घेऊन काठानं त्या फळामागून चालायला लागायचे. हातात घड्याळ. फळ दगडात अडकलं तर तेही थांबायचे. भोवऱ्यात गोल फिरायला लागलं तर ते काठावर उभे राहून बघत बसायचे, काडीनं ढकलायचं नाही, कारण पाण्याला कोणी काडीनं ढकलत नाही. असं चालत चालत खालच्या घाटापर्यंत. तिथं बाया धुणं धुतात, ढोरं पाणी पितात. घाटावर शेवंताबाई तिच्या दोन म्हशी घेऊन रोज असायची. पहिल्यांदा तिनं काकाजींना पाहिलं तेव्हा विचारलं म्हणे, संत्रं हरवलं काय. काकाजी म्हणाले, नाही, सापडलं. आणि वहीत वेळ लिहिली.

ती वही मी बसमध्ये पाहिली आहे. रिमझिम असताना किती मिनिटं, उघडीप असताना किती, नाला भरून वाहत असताना किती. मी विचारलं, हे कशाला. आमच्याकडून काही वाईट निसटायचं असतं तर आजवर निसटलं असतं. काकाजींनी वही मिटली. “पाणी गेलं तर गेलं, बाबू. त्याले कोणी परत बोलावू शकत नाही. आपलं सांगणं मात्र त्याच्या पुढं पोचलं पाहिजे.” मग खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, म्हातारा गेला कामातून.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दोन वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर त्या महिन्यात मला पक्कं करणार होते. कागद टाईप होऊन मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर होता, फक्त सही राहिली होती. घरी बायकोनं पेढे कुठून आणायचे ते ठरवून ठेवलं होतं. मी हवेतच होतो. सकाळी धो धो पाऊस झाला, चौकोन भरला, काकाजींनी पट्टी बुडवली, हिरवी. मला म्हणाले सोड. मी व्हॉल्व उघडला. नियमाप्रमाणं तिथं उभं राहायचं होतं. पण पाऊस थांबला होता आणि गेटबाहेरच्या गाड्यावर घाणा निघत होता, त्याचा वास भिंत ओलांडून येत होता. माझं डोकं वासाकडं आणि हात सवयीकडं. रोज चाबी कुठं टांगतो, पांढऱ्या खिळ्याला. तीच टांगली. आणि गेलो.

पंपावरच्या माणसानं मला गेटकडे जाताना पाहिलं, भिंतीवर पाहिलं, चाबी पांढऱ्या खिळ्यावर. म्हणजे व्हॉल्व बंद. त्यानं निर्धास्त होऊन कॉस्टिकचा पंप सुरू केला. पंपाचा सांधा गळत होता. एरवी गळलेलं कॉस्टिक चौकोनात साचलं असतं आणि कोणीतरी पाहिलं असतं. त्या दिवशी ते सरळ नाल्यात जात होतं, आणि कॉस्टिकला ना रंग ना धूर.

मी तोंड पुसत परत आलो तर काकाजी व्हॉल्वपाशी वाकलेले. व्हॉल्व त्यांनी बंद केला होता, पंप थांबवला होता. हातातली पट्टी जांभळी. एवढी गडद जांभळी मी डबीच्या झाकणावरच्या रंगात शेवटी छापलेली पाहिली होती, प्रत्यक्षात नाही.

त्यांनी विचारलं, केव्हा गेला होतास. मी म्हणालो, आत्ताच, दहा मिनिटं झाली असतील.

“किती खाल्ले?”

“काय?”

“आलूबोंडे.”

“दोन,” मी म्हणालो. त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. “चार,” मी म्हणालो.

“गरम होते?”

“हो.”

“वर चाय?”

मी मान हलवली. काकाजींनी डोळे मिटले. चार गरम आलूबोंडे फुंकून खायचे, वर चहा; पंचवीस मिनिटं. मग वही उघडली. नाला भरून वाहत असताना घाटापर्यंत संत्र्याला पस्तीस लागत होती.

“दहा आहेत,” ते म्हणाले. “गाडी काढ.”

सत्तरीच्या माणसाला मागं बसवून मी त्या चिखलातून कारखान्याची मोटारसायकल कशी हाकली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की एका हातानं त्यांनी माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातातली छत्री मला बरगडीत टोचत होती, आणि वाटेत दोनदा त्यांनी सांगितलं, पडू नको, पडलो तर दोघंही उशिरा पोचू.

घाटावर शेवंताबाई होती, तिच्या दोन्ही म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात. आणखी एक बाई धुणं आपटत होती. काकाजी उतरले आणि छत्री टेकून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं. “माझ्याकडं काय पाहतं. तू सांग.”

मी घसा साफ केला. म्हणालो, मावशी, तसं काही विशेष नाही, जरा काळजी म्हणून आलो, ढोरं थोडा वेळ बाहेर काढली तर बरं... आणि छत्रीचं टोक पाठीत बसलं. चांगलं बसलं. मग मी एका दमात बोललो: “मावशी, आमच्या कारखान्यातून खराब पाणी सुटलं. व्हॉल्व मी उघडा ठेवला होता. पाणी पोचतच असंन. आंग भाजते त्यानं. म्हशी काढा.”

शेवंताबाईनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाण्यात उतरली. पण म्हशीला पावसाळ्यातल्या पाण्यातून बाहेर काढणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. एक निघाली. दुसरी नुसती डोळे मिटून बसली. मी शेपूट पिळली, शेवंताबाईनं दावं ओढलं, धुणंवालीनं ओला परकर फटकावला. काकाजी काठावर उभे राहून घड्याळ बघत होते आणि शांतपणे मिनिटं सांगत होते. चार. तीन. शेवटी ती उठली, तीही आमच्यासाठी नाही, तिला कंटाळा आला म्हणून.

काकाजींनी पट्टी बुडवली. हिरवी. थोड्या वेळानं परत बुडवली. हिरवी. मला वाटलं, पावसानं सगळं विरून गेलं असेल, उगाच तमाशा केला. तिसरी पट्टी निळी निघाली. चौथी गडद निळी. मग वरच्या वळणावरून बोटाएवढे मासे पांढरी पोटं वर करून यायला लागले. पाच-सहा, मग आणखी. धुणंवाली मागं सरकली. शेवंताबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बघत राहिली. माझ्या पोटातले चार आलूबोंडे मला त्या वेळी एकेक करून जाणवत होते.

मॅनेजरसाहेब स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, बारिश का पानी है, बारिश ले गई. कोणी मेलं नाही, कोणाचं ढोर मेलं नाही. मासे काय, दरवर्षी मरतात. कळवलं तर नोटीस येईल, चौकशी होईल, आणि मग ह्या कागदावर मी सही कशी करू. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला, म्हणजे मला माझं नाव नीट वाचता यावं. छान टाईप केलं होतं.

मी बाहेर आलो तर काकाजी कँटीनच्या बाकावर बसून लिहीत होते. मी अपेक्षा केली की ते आता मला उपदेश करतील, म्हणजे मला त्यांच्यावर चिडता येईल. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, प्रदूषणवाल्या ऑफिसात मी फोन केला, माझं मी लिहून राहिलो. तुझं तू ठरव. व्हॉल्व कोणी उघडा ठेवला ते मी लिहिलेलं नाही. ती जागा कोरी आहे.

मी चिडलोच. म्हटलं, तुमचं काय जाते काकाजी, तुम्ही आयुष्यभर नियमानं चाललात, तुमच्या हातून कधी काही झालं नाही.

त्यांनी पेनचं टोपण लावलं.

“झालं,” ते म्हणाले. “तिकडं एकदा रातभर पाऊस पडला. सकाळी पाहतो तं तळं काठावरून वाहून राहिलं. पाणी तपासलेलं नव्हतं. मी म्हणलो, आधी रिपोर्ट येऊ दे, मग कळवू, उगाच लोकाईले कायले भेववायचं. रिपोर्ट यायले चार घंटे लागले. पाणी साफ निघालं. एकदम साफ. साहेब म्हणले, बरं झालं, बोंब नाही केली. मले शाबासकी भेटली.”

“मग?”

“खाली वस्ती होती. बाया गुंड-घागरी भरून नेत होत्या. त्या चार घंट्यात पाणी साफ आहे हे मले माहीत नव्हतं, बाबू. मी त्याईले पिऊ दिलं. पाणी साफ निघालं ते नशीब. मी तं तेच केलं होतं ना, जे खराब पाण्यात केलं असतं.”

एवढंच. नंतर त्यांनी मला कॅलेंडरच्या मागचा कोरा कागद दिला आणि आपला चहा माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं. काकाजींनी वाचलं आणि परत दिलं, म्हणाले, कारण लिहायचं राहिलं. मी लिहिलं: ‘कामानिमित्त बाहेर गेलो.’ परत आलं. ‘वैयक्तिक कारणास्तव.’ परत आलं. शेवटी लिहिलं की चार आलूबोंडे व एक चहा, सुमारे पंचवीस मिनिटे, आणि खाली सही केली. तो कागद त्या ऑफिसात टेबलाटेबलांवरून बरेच दिवस फिरला म्हणतात, आणि त्यातली गोष्ट फिरत फिरत घाटापर्यंतही पोचली. नंतर चौकशीला आलेल्या साहेबांनी माझं नाव ऐकलं आणि हसू दाबायला रुमाल काढला.

नोटीस आली. पंपाचा सांधा बदलला, आणि आता टाकीवर पत्र्याचं छत आहे. मला पक्कं करायच्या कागदावर सही झाली नाही. पेढे राहिले. वर्षभर मला गेटवर बसवलं, तिथून आलूबोंड्याचा गाडा सरळ समोर दिसायचा. पुढच्या वर्षी मी पक्का झालो. काकाजींना मात्र दुसऱ्याच महिन्यात सांगण्यात आलं की वय झालं, आता आराम करा. त्यांनी डबी खिशात टाकली, दोन्ही खिळे हलवून घट्ट आहेत ना ते पाहिलं, आणि बस पकडली.

आराम त्यांनी केला नाही. पुढच्या पावसाळ्यात नाल्यात लाल दोऱ्याचं संत्रं दिसलं. मी कुंपणावरून वाकून पाहिलं तर बाहेरच्या काठानं छत्री चालली होती. मी हाक मारली, काकाजी, आता कायले. ते म्हणाले, नाल्यानं वळण बदललं, जुनी मिनिटं चुकीची झाली. त्यांचे गुडघे गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आता ते पांढुर्ण्यात घरीच असतात, दर पावसाला फोन करतात. तब्येत विचारत नाहीत, मिनिटं विचारतात.

माझ्याकडे आता सुरक्षेचं काम आहे, म्हणजे दैवाला विनोद कळतो. मागच्या महिन्यात नवीन भरती झालेल्या चौघांना घेऊन मी घाटावर गेलो होतो. संत्रं सोडलं, त्यामागून चाललो, पोचलो आणि तिथं उभा राहून त्यांना ती सगळी गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. नाला कसा भरला होता, मिनिटं कशी कमी होती, मी गाडी कशी पळवली, म्हशींचा जीव कसा वाचला. व्हॉल्वचं मी ‘काही कारणानं उघडा राहिला होता’ असं म्हणालो आणि पुढं निघालो. ते चौघं माझ्याकडे आदरानं बघत होते. मला ते आवडत होतं.

शेवंताबाई पाण्यात म्हैस घासत होती. ती आता बरीच म्हातारी झाली आहे, मला वाटलं ऐकत नसेल. तिनं मान वर केली नाही, गवताचा बोळा म्हशीच्या पाठीवर फिरवतच राहिली.

“अन् आलूबोंडे थ्या अणुवाल्या काकाजीनं खाल्ले होते काय?”